मोटरसायकलला विंडस्क्रीन : काच किती उंच, कशी बसवायची आणि आपल्या रस्त्यांवर काय अनुभव?

भोगावती_काठ

राम राम मंडळी.

माझ्या रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० ला काच बसवून आता माझे सगळे ऋतू फिरून झालेत. कोल्हापूर–बेळगाव हायवे आणि गगनबावडा हे माझे नेहमीचे रस्ते. आपल्या ग्रुपवर कायम कोणीतरी विचारतं, "कुठली काच घेऊ?" माझं म्हणणं असं, की कुठली हे नंतर. काच किती उंच आणि कुठल्या कोनात, हे आधी ठरवा. ते का, हे नीट लिहितो. ज्यांचा अनुभव वेगळा असेल त्यांनी बिनधास्त खोडून काढावं.

काच नसली की वारा थेट छातीवर येतो. ताशी ४० ला तो सुखाचा वाटतो. ८० ला तोच चौपट होतो, कारण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट वाढतो. कागल सोडून निपाणीच्या पुढं गेलं की मान आणि खांदे भरून यायला लागतात ते यामुळं. काच हा मार छातीवरून काढून घेते, यात वाद नाही. पण वारा काचेच्या वरच्या काठावरून सुटतो तेव्हा सरळ जात नाही, त्याचे भोवरे होतात. ते भोवरे हेल्मेटवर आदळले की डोकं थडथडतं, समोरचं हलायला लागतं आणि कानातला आवाज काच नसतानापेक्षाही वाढतो. "काच बसवली आणि त्रास सुरू झाला" असं सांगणारे खरंच सांगत असतात. काच वाईट नसते, काठ चुकीच्या जागी आलेला असतो.

काठ योग्य जागी आहे का हे दुकानात उभं राहून कळत नाही. हेल्मेट, जॅकेट घालून गाडीवर बसा, गाडी स्टँडवरून काढून सरळ धरा, म्हणजे तुमच्या वजनानं शॉकअप जेवढे बसायचे तेवढे बसतील. आता दुसऱ्याला बाजूला उभं करून बघायला सांगा. काठ तुमच्या नाका-ओठांच्या रेषेत हवा आणि नजर त्याच्या वरून जायला हवी. काचेतून रस्ता बघायची वेळच येता कामा नये. काचेला वायपर नसतो. गगनबावड्याच्या पावसात हेल्मेटच्या काचेवर पाणी, विंडस्क्रीनवर पाणी, आणि समोरून येणाऱ्या एसटीचा दिवा दोन्हींवर फुटलेला, अशा वेळी रस्ता दिसतच नाही.

दुसरी गोष्ट, खालची फट. काच हेडलाइटला चिकटवून बसवू नका. काचेच्या मागं हवेचा दाब कमी होतो, मग वारा पाठीमागून वळून आत शिरतो आणि पाठीत ढकलल्यासारखं होतं. खालून तीन-चार सेंटीमीटर फट ठेवली की थोडा वारा आतून वर चढतो आणि हा फरक भरून निघतो. माझ्या गाडीवर सगळ्यात जास्त फरक या फटीनं पडला, काचेच्या किमतीनं नाही.

बसवण्याबद्दल थोडं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचं हँडल २२ मिमीचं असतं आणि तयार क्लॅम्प त्याच मापाचे मिळतात. क्लॅम्पच्या आत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला, म्हणजे हँडलचा क्रोम राहतो आणि क्लॅम्प फिरत नाही. बोल्ट काचेला थेट लागता कामा नये. दोन्ही बाजूंना रबरी किंवा नायलॉनचे वायसर हवेत. काचेचं भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं असावं, कारण ही काच म्हणजे प्लॅस्टिकच, ते उन्हात फुगतं आणि थंडीत आकसतं, त्याला जागा लागते. आधी सगळे बोल्ट हातानं लावायचे, कोन बघायचा, मग तिरपे-तिरपे थोडे-थोडे आवळायचे. रबर किंचित फुगलेलं दिसलं की थांबायचं. जोर काढून आवळणारा मिस्त्री असेल तर पाना आपल्या हातात घ्या.

आणि शेवटची तपासणी कुणीही चुकवू नका. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. फिरवताना इंजिनचा आवाज वाढला तर ॲक्सिलेटरची केबल कुठंतरी ताणली जातेय. क्लचची केबल आणि ब्रेकचा पाइप ब्रॅकेटवर घासतोय का तेही बघा, काच टाकीला लागतेय का तेही. शहरात यू-टर्न घेताना गाडी आपोआप पळायला लागली तर काय होईल ते सांगायला नको.

आता तुमचे अनुभव येऊ द्यात.

---

जुना_बुलेटवाला

धागा चांगला आहे, पण मी विरुद्ध बाजूनं लिहितो.

माझं वय आता साठीच्या पुढं. मी आयुष्यभर बिनकाचेची बुलेट चालवली आणि अजूनही चालवतो. तुम्ही वाऱ्याला शत्रू समजून लिहिलंय. ७०-८० च्या वेगाला छातीवर येणारा वारा अंगाचं वजन पेलतो, मनगटांवर भार येत नाही. काच लावली की तो आधार जातो, माणूस पोक काढून बसतो आणि कंबर धरते. बरं, बुलेट काही १२० नं पळवायची गाडी नव्हे. चांगलं जॅकेट घ्या, गळ्याला रुमाल बांधा, ७० नं चालवा. गाडीचं रूपही राहतं.

---

भोगावती_काठ

काका, मनगटांचा मुद्दा बरोबर आहे. तो मी लिहायला हवा होता. हँडल पुढं वाकलेलं असेल, म्हणजे अंग पुढं झुकवून बसायची गाडी असेल, तर वाऱ्याचा आधार खरंच लागतो आणि मोठी काच तिथं त्रासदायक होते. क्लासिकसारख्या ताठ बसायच्या गाडीवर मात्र अंग आधीच सरळ असतं. तिथं वारा आधार कमी देतो आणि मागं जास्त ढकलतो, मग आपण हँडल धरून लोंबकळतो. आणि ७० चं म्हणाल तर हायवेला मागून येणारा कंटेनर आपल्याला ७० वर राहू देत नाही.

---

एमएच०९_हंटर

लई भारी लिहिलंयस भावा. माझ्याकडं रॉयल एन्फिल्डची हंटर हाय. मला एवढंच सांग, ॲव्हरेज वाढतंय का? दुकानदार म्हणला लिटरला पाच-सहा किलोमीटरचा फरक पडतोय.

---

शिरोली_टर्नर

हंटरवाल्या भावा, काच म्हणजे वाऱ्यापुढं धरलेला आणखी एक तुकडा. छातीवर येणारा वारा आता काचेवर येतो, एवढाच बदल. काच नीट तिरकी, गोलाकार असेल तर थोडा फायदा, सपाट आणि उभी असेल तर तोटा. पाच-सहा किलोमीटरची आशा ठेवून काच घेऊ नकोस. पेट्रोल वाचवायचं असेल तर ९० चा वेग ७५ वर आण, तिथं खरा फरक दिसतो.

मी एमआयडीसीत मशिनिंगचं काम करतो, त्यामुळं हिशोब केल्याशिवाय चैन पडत नाही. साधारण ४५ बाय ४० सेंटीमीटरची काच धरा, म्हणजे ०.१८ चौरस मीटर. ताशी ८० ला एवढ्या काचेवर साधारण पाच किलोचा जोर येतो. १०० ला आठ किलो. ४० ला सव्वा किलोच्या आसपास. काचेच्या उतारानुसार हे कमी-जास्त होईल, पण अंदाज यावा म्हणून लिहिलं.

आता हा पाच-आठ किलोचा जोर कुठं जातो ते बघा. काच हँडलवर बसवली असेल तर तो हँडलमध्येच जातो. सरळ समोरून वारा आहे तोवर काही कळत नाही. बाजूनं झोत आला, की काच हँडल फिरवायला बघते. तवंदी घाट उतरताना किंवा हायवेला ट्रकच्या शेजारून पुढं निघताना जो झटका बसतो तो हाच. फ्रेमला बसवलेली काच असेल, मोठ्या टूरिंग गाड्यांना असते तशी, तर तो जोर गाडीच्या सांगाड्यात जातो, हँडल मोकळं राहतं. आपल्या गाड्यांना ती सोय क्वचित असते. म्हणून हँडलवर काच लावणाऱ्यानं लहान काच घ्यावी. मोठी काच म्हणजे मोठं शीड.

आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, तपासल्याशिवाय काच लावूच नये. पुढचं चाक उचलून शॉकअप खालून धरून पुढं-मागं हलवा. कटकट जाणवली तर आधी कोनसेट, मग काच. मागं टॉपबॉक्स, म्हणजे सामानाची पेटी, भरून पुढं मोठी काच लावली तर पुढचं चाक हलकं होतं आणि जास्त वेगात गाडी डुलायला लागते. दोन्ही एकदम लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

---

एमएच०९_हंटर

बास, कळलं. पैसे वाचले.

---

ताराराणी_रायडर

माझा प्रश्न उंचीचा आहे. मी पाच फूट एक इंच. दुकानात एकाच मापाची काच मिळते, ती माझ्या बरोबर डोळ्यांसमोर येते. ना वरून दिसत, ना नीट आरपार. दुकानदार म्हणतो, "मॅडम, सवय होईल." रात्री कळे गावाकडून येताना मला समोरच्या दिव्याचे दोन दिसतात. मी रोज शहर ते कळे असा रस्ता करते, त्यामुळं सवय होण्याची वाट बघायची तयारी नाही.

---

शिरोली_टर्नर

ताई, सवय होत नाही आणि करूनही घेऊ नका. काठ डोळ्यांच्या रेषेत आला की त्या पट्ट्यात प्रतिमा वाकते. काच कापून घ्या.

किती कापायची त्याचाही हिशोब देतो. डोळे जमिनीपासून दीड मीटरवर आणि काचेचा काठ डोळ्यांपुढं ६० सेंटीमीटरवर धरा. काठ डोळ्यांच्या रेषेपेक्षा ५ सेंटीमीटर खाली असेल तर काठावरून तुम्हाला १८ मीटरच्या पुढचा रस्ता मोकळा दिसतो, त्याच्या अलीकडचा काचेतून. काठ १० सेंटीमीटर खाली घेतला तर ९ मीटरपासून पुढचा मोकळा दिसतो. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. म्हणजे १८ मीटर म्हणजे दीड सेकंदाच्या आसपास. रात्रीच्या खड्ड्याला एवढा वेळ पुरत नाही. तुमच्या रस्त्याला मी १० सेंटीमीटरच्या बाजूनं जाईन. वारा थोडा जास्त लागेल, पण दिसेल.

---

ताराराणी_रायडर

कापायची कुणाकडं? गॅरेजवाल्यांना विचारलं तर ते ग्राइंडरनं कापतो म्हणाले.

---

शिरोली_टर्नर

ग्राइंडर लावू देऊ नका. प्लॅस्टिक वितळून काठाला गुठळ्या होतात आणि पुढं तिथूनच चीर जाते.

आधी काच कशाची आहे ते बघा. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट अशी दोन प्रकारची प्लॅस्टिकं असतात. ॲक्रिलिक असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शहरात नावाच्या पाट्या, अक्षरं करणारे आहेत, त्यांच्याकडं लेसरवर स्वच्छ कापून मिळते. पॉलिकार्बोनेट असेल तर लेसर नको, काठ पिवळा-तपकिरी जळतो. त्याला बारीक दाताची जिगसॉ किंवा राउटर. ओळखायचं कसं? दुकानदाराकडं त्याच मालाचा तुकडा असेल तर वाकवून बघा. ॲक्रिलिक कट्‌कन मोडतं, पॉलिकार्बोनेट वाकत राहतं.

कापताना वरची संरक्षक फिल्म काढायची नाही. फिल्म गेली असेल तर दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा आणि रेष टेपवर मारा. कापल्यावर काठ आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरनं ओला करून गोल करायचा. धारदार काठ ठेवला तर पडल्यावर गळ्याला लागतो. भोक नवं पाडायचं असेल तर खाली लाकडाची फळी, ड्रिल सावकाश, आणि काठापासून भरपूर अंतर सोडून.

एकदम सगळं कापू नका. आधी कागदाचा पुठ्ठा काचेवर हव्या त्या उंचीपर्यंत चिकटवून जागेवर बसून बघा, मग दोन सेंटीमीटर कमी कापून चालवून बघा. कापलेलं परत येत नाही.

---

निपाणीकर

पॉलिकार्बोनेट की ॲक्रिलिक, यावर दोन शब्द. हायवेला आमच्या बाजूला खडी उडते. सातारा–कागल सहापदरीकरणाच्या कामांमुळं तिकडंही डायव्हर्जनला धूळ आणि बारीक खडी आहेच. पुढच्या ट्रकच्या टायरखालून उडालेला खडा ॲक्रिलिकवर बसला तर तुकडा पडतो आणि त्याला धार असते. पॉलिकार्बोनेट तो मार झेलतं. पण त्यावर ओरखडे लवकर पडतात, वर कडक थर दिलेला नसेल तर फारच लवकर. ॲक्रिलिकवर ओरखडे कमी आणि पॉलिश करून घालवताही येतात. मी हायवेवाला, म्हणून पॉलिकार्बोनेट घेतलं. शहरात आणि पन्हाळा-जोतिबापर्यंत फिरणाऱ्याला चांगल्या जाडीचं ॲक्रिलिक पुरे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुसणं. एका ठिकाणी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. तिथल्या पोरानं पेट्रोलच्या फडक्यानं काच पुसून चकाचक करून दिली. आठवडाभरात प्रत्येक बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. बोल्टनं ताणलेलं प्लॅस्टिक आणि त्यात पेट्रोल, एवढं कारण पुरतं. थिनर, रॉकेल, घरातल्या आरशाला मारायचे अमोनियावाले स्प्रे, ब्रेक ऑइलचा थेंब, सगळं वर्ज्य. बोल्ट सुटू नये म्हणून लावतात ते थ्रेडलॉकरसुद्धा प्लॅस्टिकच्या जवळ नको. त्यापेक्षा नायलॉन नट वापरा.

---

भोगावती_काठ

निपाणीकर, अगदी मोलाचं लिहिलंत. सर्व्हिसिंगला देताना मी आता काचेवर कागद चिकटवतो, "फक्त पाणी" असं लिहून.

चिलटांचं राहिलं. पावसाळा संपत आला की संध्याकाळी उसाच्या पट्ट्यात आणि नदीकाठच्या रस्त्यांवर चिलटांचा थर बसतो. वाळलेल्या थरावर कोरडं फडकं घासलं की काच गेलीच समजा, कारण सोबत धूळही घासली जाते. सुती फडकं पाण्यात पूर्ण भिजवून काचेवर पसरून ठेवायचं, चहा पिऊन यायचं, तोवर सगळं मऊ होतं. मग भरपूर पाण्यानं खाली ओघळू द्यायचं. अगदीच चिकट असेल तर पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब. घासायचं नाही, ओढायचंही नाही. बाटलीभर पाणी आणि एक फडकं माझ्या साइड बॅगेत कायम असतं.

---

गगनगड_धुकं

मी गगनबावड्याच्या बाजूचा. वरच्या चर्चेत पाऊस आला, पण धुक्याचं वेगळं असतं म्हणून लिहितो.

पावसाचा थेंब मोठा असतो, वारा त्याला हेल्मेटच्या काचेवरून बाजूला ढकलतो. विंडस्क्रीन लावली की हेल्मेटसमोरचा वारा कमी होतो, मग तो थेंब तिथंच बसून राहतो. हातमोज्याच्या तर्जनीला रबरी पट्टी असलेले मोजे मिळतात, त्यानं पुसत राहायचं. धुक्यात थेंब इतके बारीक असतात की ते दिसतच नाहीत. काच पांढरी होत जाते आणि माणसाला वाटतं धुकंच दाट होतंय. भुईबावडा किंवा करूळ घाटाच्या तोंडाशी आलात आणि काही दिसेना झालं, तर आधी काच पुसून बघा. निम्मं धुकं काचेवर असतं.

हेडलाइटचं पण बघा. काच हेडलाइटच्या पुढून खाली उतरत असेल तर धुक्यात प्रकाश काचेतच पसरतो आणि उलटा डोळ्यावर येतो. काचेच्या खालच्या कापाला आतून काळी टेप लावली की बराच फरक पडतो. मीटरचं प्रतिबिंबही रात्री काचेत दिसतं, मीटरचा उजेड कमी करता येत असेल तर करा.

काळी काच, स्मोक म्हणतात ती, घेऊच नका. दुपारी छान दिसते. आमच्याकडं पावसाळ्यात दुपारी चारला संध्याकाळ होते.

---

जुना_बुलेटवाला

धुक्याचं वाचून माझा मुद्दा आणखी पक्का झाला. जेवढ्या काचा कमी तेवढं चांगलं. पण एक विचारतो, उसाच्या ट्रॉलीचं काय? हंगामात कुडित्र्याच्या कारखान्याच्या पुढं-मागं संध्याकाळनंतर ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटाखाली झाकलेला. काचवाल्यांना त्या दिसतात का? मला बिनकाचेचं पण कठीण जातं.

---

भोगावती_काठ

काका, याच कारणासाठी मी उंचीवर एवढं लिहिलं. ओरखडे पडलेल्या काचेतून समोरच्या वाहनाचा दिवा पसरतो आणि त्या पसरलेल्या उजेडाच्या मागं ट्रॉली लपते. काठावरून मोकळं दिसत असेल तर काच असण्या-नसण्यानं फरक पडत नाही. तरीही हंगामात रात्री त्या रस्त्याला मी ५० च्या वर जात नाही. समोरून दिवा आला की नजर डाव्या पांढऱ्या पट्टीवर. आणि ट्रॉलीतून बाहेर आलेले ऊस काच अडवणार नाही, हे सगळ्यांनी पक्कं समजून असावं. काच वाऱ्यासाठी आहे. ती चिलखत नव्हे. ट्रॉलीच्या मागं लांब राहायचं, पूर्ण रस्ता मोकळा दिसल्याशिवाय बाजू काढायची नाही.

आपल्या साखरपट्ट्यात या रिफ्लेक्टरचं कडक व्हायलाच हवं. दर हंगामाला पोरं जातात, वाचून पोटात कालवतं.

---

निपाणीकर

+१. ट्रॉलीला मागं लाल कापड बांधलं तरी पुरेल असं समजणारे अजून आहेत.

---

एमएच०९_हंटर

मी लहानवाली फ्लायस्क्रीन लावली शेवटी. छातीच्या खालचा वारा गेला, पण डोकं अजून थडथडतंय. काय करू?

---

शिरोली_टर्नर

छोट्या काचेचा काठ खाली असतो, त्याचे भोवरे छाती-गळ्यापासून हेल्मेटच्या खालच्या कडेपर्यंत येतात. आधी भोवरे नेमके कुठं येतात ते शोध. काचेच्या वरच्या काठाला चार-पाच ठिकाणी लोकरीचे बोटभर तुकडे टेपनं लाव. मोकळ्या सरळ रस्त्यावर ६० नं जा, मित्राला शेजारच्या गाडीवर मागं बसवून मोबाइलवर शूट करायला सांग. तुकडे सरळ मागं लोळले तर वारा स्वच्छ आहे. थरथरत गोल फिरले तर भोवरा.

मग कोन बदल. वरच्या बोल्टखाली एक सेंटीमीटरचा स्पेसर, म्हणजे अंतर ठेवणारी जाड चकती, घातला की काच थोडी उभी होते आणि वारा वर फेकला जातो. खालच्या बोल्टखाली घातला तर काच आडवी होते आणि वारा छातीवर, पण डोकं मोकळं. एका वेळी एकच बदल, आणि दर वेळी तोच रस्ता, तोच वेग. वाऱ्याच्या दिवशी बघू नकोस, काही कळत नाही. सकाळी लवकर जा.

एवढं करूनही थडथड गेली नाही, तर हेल्मेट बघ. मापाला सैल हेल्मेट थोड्या वाऱ्यातही हलतं. आणि कानात फोमचे प्लग घाल. हायवेच्या वेगाला कानाला इजा करतो तो वाऱ्याचाच आवाज, सायलेन्सरचा नव्हे. प्लग घालून हॉर्न ऐकू येतो, उलट स्पष्ट येतो.

---

एमएच०९_हंटर

खालच्या बोल्टला स्पेसर घातला. थडथड निम्म्यानं गेली. हेल्मेट पण मोठंच निघालं, एक साइज लहान घेतो आता. नाद खुळा सल्ला दिलास दादा.

---

करवीर_कायदा

कायद्याचं कोणी विचारलं नाही म्हणून थोडक्यात. वाहनातल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं त्याच गाडीसाठी विकलेली ॲक्सेसरी असेल तर बिल जपून ठेवा, वाद मिटतो. काचेनं किंवा ब्रॅकेटनं हेडलाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट यातलं काहीही झाकलं जाऊ नये. काचेवर स्टिकर, देवाचं चित्र, गटाचं नाव लावण्याचा मोह टाळा, दिसायला अडचण होते.

---

ताराराणी_रायडर

काच कापून आणली. ॲक्रिलिक निघाली. पाट्या करणाऱ्यांनी अर्ध्या तासात कापून, काठ गोल करून दिला. आधी पुठ्ठा लावून बघितलं त्याचा फार उपयोग झाला, कारण मी सांगणार होते त्यापेक्षा दोन सेंटीमीटर कमी कापून काम झालं. रात्री दिव्यांचे दोन दिसणं बंद झालं. वारा आता हेल्मेटच्या वरच्या भागाला लागतो, पण एकसारखा लागतो, झटके नाहीत.

टर्नरदादा, भोगावतीदादा, मनापासून आभार. उन्हाळ्याचं एक सांगा. एप्रिल-मेमध्ये काचेमागं उकडतं का? आणि गाडी दिवसभर ऑफिसबाहेर उन्हात असते.

---

भोगावती_काठ

ताई, उकडतं. खोटं सांगणार नाही. छातीवर वारा नसला की जॅकेटमधला घाम वाळत नाही. मी होळी झाली की काच काढून ठेवतो आणि पहिला वळीव झाला की परत लावतो. क्लॅम्प हँडलवरच राहू द्यायचे, फक्त चार बोल्ट काढायचे. काढलेली काच आडवी ठेवून वर वस्तू ठेवू नका, वाकते. जुन्या चादरीत गुंडाळून उभी ठेवा.

काढायची नसेल तर खालची फट वाढवा, थोडा वारा आतून येत राहील.

उन्हात उभी करायचं म्हणाल तर गोलाकार काच ऊन एका ठिकाणी गोळा करू शकते आणि तो ठिपका मीटरवर पडला तर मीटरचं प्लॅस्टिक भाजतं. सकाळी गाडी लावताना आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत एकदा बघा, चमकदार ठिपका कुठं पडतोय. मीटरवर किंवा सीटवर असेल तर गाडीचं तोंड फिरवून लावा, नाहीतर काचेवर सुती कापड टाका. प्लॅस्टिकचं कव्हर उन्हात काचेला चिकटतं, ते नको.

आणि नवीन बसवलीय तर शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट एकदा हातानं तपासा. रबर बसतं, बोल्ट सैल होतात.

---

जुना_बुलेटवाला

ताईंनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं. माझ्या मुलाला आंबोलीमार्गे सावंतवाडीला वरचेवर जावं लागतं, त्याला काच हवीय. त्याची उंची सहा फूट. त्याला मोठी काच लागेल का?

---

शिरोली_टर्नर

काका, सहा फुटाला मोठी घ्यायचा मोह होतो, पण हँडलवरची काच असेल तर मधलीच घ्या आणि थोडी उभी बसवा. गडहिंग्लज-आजऱ्यापर्यंत सपाटी आहे, पुढं घाटात वेग ४० च्या वर जातच नाही, तिथं मोठ्या काचेचा उपयोग नाही आणि वळणावर ती आडवीच येते. रविवारी सकाळी मुलाला गाडी घेऊन उद्यमनगरात पाठवा, मी तिथंच असतो. आधी कोनसेट बघू, मग पुठ्ठा लावून उंची ठरवू, तोपर्यंत काच विकत घेऊ नका.